पिल्लू, पाटणी चौक आणि पहिलं वर्ष

समजा, येत्या सोमवारी कुणीतरी तुमच्या हातात आठ आठवड्यांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू ठेवलं आणि सांगितलं, "वर्षभर सांभाळ. पण घरात बसवून ठेवायचं नाही. कॉलेजात ने, बाजारात ने, स्टँडवर ने, बँकेच्या रांगेत उभं कर, चुलतबहिणीच्या लग्नातही ने. आणि वर्ष संपलं की परत दे." काय कराल? पहिले दोन दिवस रील्स. तिसऱ्या दिवशी हिंमत करून वाशिम-कारंजा एसटीत चढाल. मागच्या सीटवरून आवाज येईल, "काहून आनलं बे कुत्रं गाडीत?"

हसू नका. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला रस्त्यानं नेणारा गाइड डॉग तयार होतो तो नेमका असाच. रील्समध्ये आपल्याला फक्त शेवटचं दृश्य दिसतं. हार्नेसची मूठ माणसाच्या हातात, कुत्रा अर्धं पाऊल पुढे, आणि दोघं भर गर्दीतून सरळ निघालेत. आपण समजतो, कुठल्यातरी शाळेत मोठमोठे ट्रेनर याला घडवत असणार. घडवतातच, पण ते शेवटचे काही महिने. त्याआधीचं वर्ष-सव्वा वर्ष हे पिल्लू साध्या घरात, साध्या माणसांकडे असतं. त्यांना 'पपी रेझर' म्हणतात. आणि या लोकांत कॉलेजची पोरं-पोरी भरपूर असतात.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मॉरिसटाउनला 'द सीइंग आय' नावाची शाळा आहे. १९२९ साली सुरू झालेली ही तिथली सगळ्यात जुनी गाइड डॉग शाळा. पिल्लं लोकांच्या घरी वाढवायचा तिचा कार्यक्रम १९४२ पासूनचा. त्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठात विद्यार्थ्यांचा एक क्लब आहे, या शाळेची पिल्लं वाढवणारा. पिल्लू लेक्चरला येतं, बाकाखाली झोपतं. (लेक्चरला झोपण्याची अधिकृत परवानगी असलेला वर्गातला एकमेव विद्यार्थी!) न्यू जर्सी म्हणजे मराठी माणसांचं दुसरं पुणं. तुमच्यापैकी कुणाचा तरी आतेभाऊ एडिसनला असेलच. पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्याला विचारा, असं अंगावर जाकीट घातलेलं पिल्लू मॉलमध्ये कधी दिसलं का.

ही शाळा सुरू होण्यामागेही एक कॉलेजच्या वयाचा पोरगाच होता. मॉरिस फ्रँक. राहणार नॅशव्हिल. लहानपणी एका डोळ्याची दृष्टी गेली, सोळाव्या वर्षी दुसऱ्या डोळ्याची. १९२७ च्या नोव्हेंबरात एका साप्ताहिकात डोरोथी युस्टिस या बाईंचा लेख आला. जर्मनीत पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी कुत्रे कसे तयार करतात, यावरचा. मॉरिसला तो वाचून दाखवला गेला. त्यानं बाईंना पत्र लिहिलं, स्वित्झर्लंडला जाऊन त्यांच्याकडे शिकला आणि १९२८ मध्ये बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन न्यूयॉर्कला उतरला. पत्रकारांसमोर तिच्यासोबत त्यानं वाहनांनी भरलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडला आणि बाईंना एका शब्दाची तार केली: 'सक्सेस'. रस्ता ओलांडायला काही मिनिटं पुरली. हॉटेलांची, रेल्वेची, दुकानांची दारं बडीसाठी उघडायला मात्र पुढे त्याची कित्येक वर्षं गेली. ही दारांची गोष्ट लक्षात ठेवा. वाशिमला आलो की तिच्यापाशीच अडणार आहोत.

आता त्या पहिल्या वर्षात नेमकं करायचं काय? आश्चर्य म्हणजे रस्ता कसा दाखवायचा, हे रेझर शिकवतच नाही. ते काम शाळेचं. रेझरनं शिकवायचं ते म्हणजे माणसांत कसं राहायचं. सांगितलेल्या ठिकाणी, सांगितलेल्या वेळीच शी-शू. कुणी आलं की अंगावर उडी मारायची नाही. टेबलाखाली तासभर गुपचूप बसायचं. जमिनीवर पडलेलं काहीही खायचं नाही. चालताना साधारणपणे डाव्या बाजूला, आणि मागेमागे नाही तर जरासं पुढे, पट्टा हलका ताणून. कारण उद्या त्याला पुढे राहून नेायचं काम करायचंय, असं नाही का? म्हणून इतर कुत्र्यांना जे 'मालकाच्या पायाशी चिकटून चाल' शिकवतात, ते इथे नको असतं. चेंडू फेकून आणायला लावणं बऱ्याच शाळांना चालत नाही. विचार करा, पुसद नाक्यावर माणूस हार्नेस धरून उभा आहे आणि समोरून एखाद्या पोराचा चेंडू घरंगळत गेला तर?

पण या सगळ्या नियमांहून मोठं काम एकच: जग दाखवणं. इंग्रजीत त्याला सोशलायझेशन म्हणतात. आपल्याकडे त्याला केव्हापासूनच छान शब्द आहे, माणसाळवणं. आणि त्याला मुदत असते.

अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत गेल्या शतकाच्या मध्यावर कुत्र्यांच्या पिल्लांवर बराच अभ्यास झाला. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लांना कुंपण घातलेल्या मैदानात आईसोबत, पण माणसांपासून दूर वाढवलं. वेगवेगळ्या वयात एकेका गटाला आठवडाभर माणसांचा सहवास दिला. पाच-सात आठवड्यांची असताना माणूस भेटलेली पिल्लं पटकन रुळली. चौदा आठवडे माणूसच न भेटलेली पिल्लं पुढे कितीही लाड केले तरी बिचकतच राहिली. स्कॉट आणि फुलर या दोघांनी १९६५ च्या पुस्तकात हा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा सांगितला. म्हणजे जन्मापासून जेमतेम तीन महिने. तेवढ्यात जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं, ते 'नेहमीचं'. नंतर भेटलं ते 'संशयास्पद'. खिडकी एकदम बंद होत नाही, पण कुरकुरायला लागते.

हे मला पुस्तकातून नाही, शेरूमुळे कळलं. शेरू आमचं आधीचं कुत्रं. दीड महिन्याचा आणला तेव्हा गल्लीत पार्व्होनं पिल्लं मरत होती. मी घाबरले. सगळी इंजेक्शनं होईपर्यंत त्याला गच्चीवरून खाली उतरू दिलं नाही. चार महिने. जगला, धष्टपुष्ट झाला, आणि खाली आला तो प्रत्येक गोष्टीला घाबरणारा कुत्रा होऊन. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, ट्रॅक्टर, काठी टेकत येणारे आजोबा. घाबरलेला कुत्रा दोनच गोष्टी करतो, पळतो नाहीतर चावतो. एका पोळ्याला डफडी वाजायला लागली, पळायला जागा नव्हती, आणि दारात उभ्या असलेल्या शेजारच्या पोराच्या पोटरीला तो चावला. पोराला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. त्या आईसमोर मी काय बोलणार होते? पुढची नऊ वर्षं शेरू साखळीलाच राहिला. चूक त्याची नव्हती. मी त्याला जगवलं, पण जग दाखवलंच नाही.

मग लसीचं काय? हा खरा पेच आहे आणि तुम्ही उद्या कुठलंही पिल्लू आणलं तरी तो येणारच. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते आणि सोळा आठवड्यांपर्यंत चालते. रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. म्हणजे लसी पूर्ण होईपर्यंत खिडकी मिटत आलेली. यावर अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन पशुवैद्यांच्या संघटनेचं म्हणणं असं, की पहिली लस आणि पहिलं जंतांचं औषध होऊन सात दिवस झाले की पिल्लाला जग दाखवायला सुरुवात करा, फक्त आजारी किंवा लस न झालेल्या कुत्र्यांपासून आणि घाण जागांपासून लांब ठेवा. आपल्याकडच्या रस्त्यांवर याचा अर्थ सरळ आहे: खाली ठेवायचं नाही. कडेवर घ्यायचं. झोळीत घ्यायचं. पाय मातीला लागू द्यायचे नाहीत, पण डोळे, कान, नाक उघडं. आधी आपल्या पशुवैद्यकाला विचारा, हे वेगळं सांगायला नको.

आणि जग म्हणाल, तर वाशिमसारखा सिलॅबस कुठल्या मॉरिसटाउनला मिळणार! बघा ना. बालाजी मंदिराची घंटा. पाटणी चौकातले हॉर्न. हंगामात सोयाबीननं भरून बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग. अकोल्याकडून पूर्णेकडे जाणारी गाडी. लग्नाचा बँजो आणि डीजे. भर रस्त्यात बसून रवंथ करणारी गाय, जी सरकत नाही म्हणजे नाहीच. भंडाऱ्यानंतर पडलेल्या पत्रावळी, ज्यांच्यावरून नाक न खुपसता पुढे जाणं ही कुत्र्याच्या आयुष्यातली यूपीएससी. पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी तर पिल्लाला दुरूनच दाखवावी, तिथे माणूसही हरवतो. नऊवारीतली आजी, बुरख्यातली बाई, खाकीतला पोलिस, घुंगराची काठी घेतलेला माणूस. हे सगळं बारा आठवड्यांच्या आत पाहिलेलं पिल्लू उद्या कशाला बिचकेल?

फक्त एक अट. पाहणं वेगळं आणि घाबरवणं वेगळं. डीजेच्या भिंतीसमोर नेऊन उभं केलं, तर तुम्ही शेरू तयार कराल. लांबून सुरू करायचं. पिल्लू खाऊ घेतंय का, हे बघायचं. घेतंय म्हणजे ठीक. तोंड फिरवलं, शेपूट पोटाखाली गेली, उगाच जांभया द्यायला लागलं, तर दहा पावलं मागे. आणि हो, उन्हाळ्यात डांबरावर आधी हाताची उलटी बाजू ठेवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर पिल्लाच्या पंजालाही ते जमणार नाही. आपल्याकडे मार्चपासूनच सकाळी आठनंतर हा प्रश्न येतो. खरं तर लॅब्रेडॉर हा आपल्या हवामानाचा कुत्राच नव्हे. मग गावठी का नाही, किंवा आपला कारवान का नाही, असं कुणी विचारेल. कारवान नजरेनं शिकार हेरून सुसाट सुटणारा कुत्रा. समोरून ससा गेला की हार्नेस, माणूस, सगळंच सशामागे. गाइड डॉगच्या शाळा लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड यांवर थांबल्या त्या त्यांच्या स्वभावासाठी.

तर सिलॅबस तयार, विद्यार्थी तयार. मग वाशिममध्ये गाइड डॉग का नाही? खरं तर वाशिमच कशाला, भारतभरात दृष्टिहीन माणसासोबत काम करणारे गाइड डॉग अगदी विरळा. पहिलं कारण, पिल्लं जन्माला घालून, वाढवायला देऊन, शिकवून, माणसाशी जोडी लावून देणारी मोठी शाळाच आपल्याकडे उभी राहिलेली नाही. हे काम महागडं असतं. सगळी पिल्लं पास होत नाहीत, कुणी खारीमागे धावतं, कुणी फटाक्याला घाबरतं. दुसरं कारण रस्ता. गाइड डॉगला फूटपाथ लागतो. आपल्या फूटपाथवर मोटारसायकल, पाटी, हातगाडी आणि उघडी नाली आलटून पालटून असतात. शिवाय चौकाचौकात मोकाट कुत्र्यांची टोळी. बाहेरचं कुत्रं दिसलं की ती धावून येणार.

आणि तिसरं कारण ती दारं. विमानाच्या नियमांत प्रशिक्षित गाइड डॉगला केबिनमध्ये मालकाजवळ बसता येतं. पण वाशिमहून विमान कुठे पकडता? आपल्याला लागते एसटी, तहसील, दवाखाना, झेरॉक्सचं दुकान, परीक्षेचा हॉल. तिथे कुत्रा म्हटलं की "हाकल त्याला". त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा-कॉलेज, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथून मोकाट कुत्री हटवायला सांगितलं. कुत्रा चावलेल्या पोराची आई मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे या भीतीला मी नावं ठेवणार नाही. पण मोकाट कुत्रा आणि कामावर असलेला कुत्रा यांतला फरक वॉचमनला कोण सांगणार? गंमत बघा. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, दत्तभक्तांचं मोठं ठाणं. आपल्या घराघरांत दत्ताची तसबीर आहे आणि तिच्यात पायाशी चार कुत्री बसलेली आहेत. तसबिरीतल्या चौघांना आपण रोज उदबत्ती ओवाळतो.

मग हे सगळं वाचून तुम्ही करायचं काय? पिल्लू तर कुणी हातात देणार नाहीये. पण गाइड डॉग ज्या माणसासाठी असतो, तो माणूस तर आपल्याकडे आहेच. वाशिमजवळच्या केकतउमरा गावचा 'चेतन सेवांकुर' हा दृष्टिहीन कलावंतांचा ऑर्केस्ट्रा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. गाणी संपल्यावर आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. त्यांनाही घरी जायचं असतं, त्याच रस्त्यानं.

पांढरी काठी कशी काम करते, कधी नीट पाहिलंय? ती जमिनीवरचा अडथळा शोधते: पायरी, खड्डा, उभी गाडी. काठी आपटली की कळतं. पण कमरेच्या वर आलेलं काठीला कळत नाही. दुकानाचा बाहेर आलेला पत्रा, बॅनरची दोरी, ट्रकच्या मागे निघालेल्या सळया. हे थेट तोंडावर लागतं. गाइड डॉगला हे वरचे अडथळेही वळसा घालून टाळायला शिकवतात. काठी अडथळा सापडवते, कुत्रा तो टाळतो. सिग्नल मात्र त्याला वाचता येत नाही, हा सिनेमांचा गैरसमज. कधी निघायचं ते माणूसच गाड्यांच्या आवाजावरून ठरवतो आणि हुकूम देतो. पण गाडी येत असेल तर कुत्रा हुकूम मोडतो, जागचा हलत नाही. समजून-उमजून न ऐकणं. आपल्यालाही घरी कधीकधी हेच करायचं असतं, फक्त पटवून देता येत नाही.

कुत्रा नाही तिथे तुमचं कोपर आहे. दृष्टिहीन माणसाला रस्ता ओलांडायचा असेल तर आधी विचारा. "हो" म्हटलं तरच. त्याचा हात धरून ओढू नका, मागून ढकलू नका, काठी तर अजिबात पकडू नका. तुमचं कोपर पुढे करा, तो कोपराच्या वर धरेल. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला, अगदी गाइड डॉगसारखं. पायरी आली तर "पायरी" एवढंच नाही, "वर" की "खाली" तेही सांगा. पलीकडे पोचल्यावर "मी निघतो" असं बोलून निघा. नाहीतर तो बिचारा हवेशी बोलत राहतो. आणि बाइक फूटपाथवर लावणारे आपणच आहोत ना? आज संध्याकाळी ती दोन फूट सरकवा. कधी पुण्या-मुंबईत किंवा परदेशात हार्नेस घातलेला कुत्रा दिसलाच, तर पुचकारू नका, बिस्किट दाखवू नका, फोटोसाठी हाक मारू नका. तो ड्युटीवर आहे.

रेझर लोकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: परत द्यायला जीव कसा होतो? आठ आठवड्यांचं असताना आलेलं, रात्री रडणारं, तुमच्या नोट्स फाडणारं पिल्लू. परीक्षेच्या रात्री पायावर डोकं ठेवून झोपणारं. आणि एक दिवस शाळेची गाडी येते. जीव होत नाहीच. रेझर रडतात, बरेच जण पुढचं पिल्लू घेतात. आपल्या मायबापांना हे कळायला सोपं जावं. पोरगी दहावीनंतर अकोल्याला नाहीतर लातूरला शिकायला पाठवताना तेही असेच बसस्टँडवर उभे असतात.

शेरू गेल्यावर दोन वर्षं मी कुत्रं आणलं नाही. या थंडीत आमच्या गल्लीतल्या कुत्रीला झालेलं एक काळं पिल्लू घरी आलं. गाइड डॉग होणार नाही ते. कान एक उभा, एक पडका, आणि चपलांवर विशेष प्रेम. पण यावेळी पहिली लस, जंतांचं औषध, मग सात दिवस मोजले आणि आठव्या दिवशी त्याला ओढणीच्या झोळीत घालून बाहेर पडले. नाक्यावर बायका हसल्या. एक काका म्हणाले, "लेकरू हाय का कुत्रं?" रोज एक नवीन जागा, दहा मिनिटं. भाजीबाजार. पिठाची गिरणी. हेल्मेट घातलेला भाऊ, आधी लांबून, मग जवळून, मग त्याच्याच हातून खाऊ.

स्टेशनबाहेर गाडी दिसेल अशा जागी मी तीन संध्याकाळी उभी राहिले. पहिल्या दिवशी इंजिनाचा आवाज आला तसं ते झोळीत तळाशी गेलं आणि अंड्याचा तुकडाही घेईना. मी वीस-पंचवीस पावलं मागे आले. दुसऱ्या दिवशी डोकं बाहेर काढून थरथरत बघितलं आणि गाडी गेल्यावर अंडं खाल्लं. तिसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा ते झोपलेलं होतं.